चावी आहे पण उघडत नाही: वाचकांच्या कुलपांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की घरात, दुकानात, माळ्यावर कधी न बघितलेलं एखादं कुलूप पडलं असेल तर कळवा, आणि तुम्ही एवढं कळवलंत की टेबलावर हात ठेवायला जागा नाही. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि एक आधीच सांगून टाकतो, बऱ्याच जणांनी चावीचा अगदी दाते मोजता येतील असा क्लोजअप पाठवलाय आणि तोच फोटो फॅमिली ग्रुपवर पण टाकला असणार. नका टाकू हो. २००८ साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांनी जवळपास दोनशे फुटांवरच्या गच्चीतून कॅफेच्या टेबलावर पडलेल्या चावीचा फोटो काढला आणि त्यावरून चालणारी चावी करून दाखवली, तेव्हाचे कॅमेरे काय होते आणि आज तुमच्या खिशात काय आहे बघा. आम्हाला आलेले फोटो बघून झाल्यावर डिलीट केलेत.

चिपळूणहून एक काका: आमच्या जुन्या घरात आजोबांची लोखंडी तिजोरी आहे, दारावर पितळी पट्टी, त्यावर चब आणि लंडन एवढंच वाचता येतं. मूळ चावी आहे, ती इतकी वर्षं चालत होती. गणपतीत पुतण्याने दुसरीच कुठलीतरी जुनी चावी घालून खटपट केली आणि तेव्हापासून मूळ चावी पण फिरेना. वेल्डर म्हणतो गॅस कटरने दार काढून देतो. काढू का?

काका, वेल्डरला चहा पाजा आणि परत पाठवा. तिजोरी बिघडली नसावी, तिने पुतण्याला पकडलंय असं दिसतंय.

त्याचं असं आहे, १८१७ मध्ये इंग्लंडला पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत खोट्या चाव्या करून चोरी झाली, मग सरकारने १०० पौंडांचं बक्षीस लावलं की असं कुलूप करा जे फक्त स्वतःच्याच चावीने उघडेल, आणि तिथल्याच जेरेमाया चबने १८१८ ला पेटंट घेतलं ते हे डिटेक्टर कुलूप. आत लिव्हर असतात, म्हणजे एकावर एक रचलेल्या पितळी पट्ट्या, चावीचा एकेक दाता आपापली पट्टी नेमकी लागते तेवढीच उचलतो आणि सगळ्या बरोबर उंचीला आल्या की खिटी सरकते. आता चुकीच्या चावीने किंवा तारेने एखादी पट्टी जरुरीपेक्षा जास्त वर गेली की आतली एक स्प्रिंग तिला तिथेच धरून ठेवते, आणि मग खरी चावी घातली तरी उघडत नाही. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे, तुमच्या मागे कोणीतरी हात घालून गेलंय हे मालकाला कळावं म्हणून.

तेव्हा आधी एवढंच करा. मूळ चावी पूर्ण आत घाला, उघडायच्या उलट बाजूला म्हणजे आपण लावताना फिरवतो त्या बाजूला हळू फिरवा, दोन बोटांनी, पक्कड वगैरे काही नको. पकड सुटली की बारीक टक् असा आवाज येतो किंवा हाताला जाणवतो, मग नेहमीसारखी उघडा. अगदी पहिल्या कुलपांना ती पट्टी सोडवायला वेगळी चावी लागायची, १८२४ च्या सुधारणेनंतर मूळ चावीनेच काम व्हायला लागलं, आणि आजोबांच्या काळातली तिजोरी म्हणजे ती त्यानंतरचीच. पण चबच्या प्रत्येक कुलपात डिटेक्टर असतो असं नाही, त्यामुळे उलट फिरवूनही फरक पडला नाही तर मग आत गंज असेल किंवा चावीचे दाते झिजले असतील, तेव्हा लिव्हरची कुलपं खोलून बसवणारा माणूस शोधा, कोल्हापूर-पुण्याला जुन्या तिजोऱ्यांचं काम करणारे मिळतात. गॅस कटर मात्र नकोच, कारण जुन्या तिजोऱ्यांच्या दोन पत्र्यांमध्ये आगीपासून वाचवणारा मसाला भरलेला असतो, कुठे तुरटी आणि भुसा, कुठे चक्क अॅस्बेस्टॉस, ते कापताना उडालं की तुमच्या आणि वेल्डरच्या फुप्फुसात जाणार, आणि आत जमिनीचे कागद असतील तर ते दार उघडायच्या आधीच काळे झालेले असतील.

आणि या कुलपाची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८५१ ला लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हॉब्ज नावाचा एक अमेरिकन आला आणि त्याने हेच डिटेक्टर कुलूप साधारण २५ मिनिटांत उघडून दाखवलं, आणि कशाच्या जोरावर तर त्या डिटेक्टरच्याच, कारण पट्टी कुठे अडकते हे मालकाला सांगणारी खूण उघडणाऱ्यालाही तीच माहिती देते! मग त्याने ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिराचं कुलूप घेतलं, जे लंडनमध्ये पिकॅडिली रस्त्यावरच्या त्याच्या दुकानाच्या काचेत २०० गिनींची (गिनी म्हणजे जुनं इंग्रजी सोन्याचं नाणं) पैज लावून ठेवलेलं होतं आणि अर्ध्या शतकात कोणाला उघडलं नव्हतं. त्याला मात्र ५१ तास लागले, १६ दिवसांत मिळून. ते कुलूप आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. तुमच्यापैकी कोणाकडे जुनी इंग्रजी लिहायची पेटी असेल आणि तिच्या कुलपावर छोटा मुकुट आणि १२४ पिकॅडिली असं कोरलेलं असेल तर ते ब्रामाच आहे, त्याची चावी नळीसारखी असते आणि टोकाला खाचा असतात. त्याला स्क्रूड्रायव्हर लावू नका, पेटीपेक्षा कुलूप महाग असू शकतं.

इचलकरंजीहून चावीचं दुकान असलेले एक दादा: हल्ली मुलं परदेशातून येतात, कसल्या कसल्या चाव्या आणतात आणि डुप्लिकेट मागतात. माझ्याकडे कोरी चावीच नसते. ओळखायचं कसं आणि गिऱ्हाईकाला सांगायचं काय?

दादा, कुलपाच्या तोंडाकडे नंतर बघा, आधी चावीचं पातं उजेडात आडवं धरा, अर्धं उत्तर तिथेच असतं.

पातं अर्धगोल आहे, आणि दाते वर-खाली नसून वेगवेगळ्या कोनात तिरके छाटलेत, तर ते अॅब्लॉय किंवा त्याची नक्कल. फिनलंडचं आहे, १९०७ मध्ये एमिल हेन्रिकसन नावाच्या गल्ल्याची मशीनं दुरुस्त करणाऱ्या कारागिराने काढलेलं. आत पिना नाहीत, स्प्रिंगा पण नाहीत, नुसत्या चकत्या आहेत. चावी फिरवली की प्रत्येक चकती आपापल्या कोनापर्यंत फिरते, सगळ्यांच्या कडेच्या खाचा एका ओळीत आल्या की बाजूची एक सळई त्यात बसते आणि सिलिंडर, म्हणजे चावी जाते तो मधला गोल भाग, मोकळा होतो. स्प्रिंग नसल्यामुळे बर्फात, चिखलात अडकत नाही. आपल्याकडे मोटरसायकलच्या डिस्कला लावायची जी स्वस्तातली कुलपं मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांच्या आत हीच कल्पना असते, फक्त घडण ढिली, त्यामुळे दोन्ही एकच आहेत असं गिऱ्हाईकाला सांगू नका.

पातं आपल्या नेहमीच्या लॅचसारखंच दिसतंय, पण काप नीट बघितल्यावर एक सरळ, एक डावीकडे कललेला, एक उजवीकडे, असं असेल तर ते मेडेको. व्हर्जिनियातल्या सेलम गावची कंपनी, १९६८ पासूनची, न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या मंडळींच्या जुडग्यात हमखास एखादी सापडेल. इथे पिन नुसती उचलून भागत नाही, ती ठरलेल्या कोनात फिरायला पण लागते. तुमच्या साध्या मशीनवर कॉपी काढली तर उंची बरोबर येते आणि कोन येत नाही, चावी मस्त आत जाते आणि फिरत नाही, आणि शिव्या तुम्हाला. म्हणून ती चावी दिसली की मशीन चालूच करू नका.

पात्यात चुंबकाच्या गोल टिकल्या दिसल्या तर ऑस्ट्रियाच्या एव्वा कंपनीचं, तिथे दात्यांबरोबर चुंबकाची दिशा पण जुळावी लागते, ती कुठलीच कानस कापू शकत नाही. पातं समोरून इंग्रजी एच अक्षरासारखं दिसत असेल तर फ्रान्सचं फिशे. सपाट पात्यावर खड्डे खड्डे असतील तर त्याला आपण सगळे कॉम्प्युटर की म्हणतो, पण त्यात भारीतलं पण येतं आणि फालतू पण येतं, त्याबद्दल खाली अश्दोदच्या ताईंना लिहिलंय ते वाचा.

आणि अधिकच्या चिन्हासारखी चार बाजूंची चावी. गिऱ्हाईकाला ती फार सुरक्षित वाटते, विकणारा पण तसंच सांगतो. माझं स्पष्ट मत, आकार वेगळा म्हणजे कुलूप भारी असं काही नसतं. अमेरिकेत २००४ मध्ये नळीसारख्या चावीची महागडी सायकल-कुलपं साध्या बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतायत असे व्हिडिओ फिरले आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. हाय सिक्युरिटी म्हणजे तीन गोष्टी, चावीशिवाय सहज उघडू नये, ड्रिल सहज जाऊ नये म्हणून आत कडक पोलादाच्या पिना असाव्यात, आणि मालकाच्या परवानगीशिवाय चावीची कॉपी निघू नये. तिसरी गोष्ट लोक विसरतात, आणि दादा, ती तिसरी गोष्ट म्हणजे तुम्हीच आहात. चावीबरोबर कोड कार्ड आलेलं असतं, ते आणायला सांगा, त्यावरून कंपनीकडून चावी मागवता येते. कार्ड नाही आणि घर बंद आहे, तर मालकी दाखवणारा कागद बघून सिलिंडरच बदलून द्या. तास न् तास तारा घालून बसण्यापेक्षा ते गिऱ्हाईकालाही स्वस्त पडतं.

अश्दोद, इस्राएलहून एक ताई: आमच्याकडे इथे घराघरात मल-टी-लॉक असतं. भायखळ्याला भावाच्या दाराला मी इथून नेऊन तेच बसवलं. आता भावाने एक चावी हरवली, नाक्यावरच्या चावीवाल्याने डुप्लिकेट करून दिली, ती कधी लागते कधी लागत नाही. चावीवाल्याची चूक की कुलपाची?

ताई, दोघांचीही नाही, भावाने कार्ड न शोधता नाका गाठला तिथे झालंय. तुमच्याच देशातलं कुलूप आहे, १९७३ पासूनचं, तर तुम्हाला मी काय सांगणार, पण इथल्या वाचकांसाठी सांगतो. त्या चावीवरचे खड्डे नीट बघितले तर काही खड्ड्यांच्या मध्ये अजून एक छोटा खड्डा दिसतो, वाटीत वाटी ठेवावी तसा. कारण आतली पिन पण तशीच आहे, बाहेरची पोकळ पिन आणि तिच्या पोटात दुसरी, आणि दोघींना आपापल्या स्प्रिंगा. बाहेरचा खड्डा बाहेरच्या पिनेची उंची ठरवतो, आतला आतल्या पिनेची. म्हणजे पाच जागा असतील तर प्रत्यक्षात दहा उंची जुळायला लागतात.

नाक्यावरच्या दादांनी ड्रिलच्या साध्या टोकाने खड्डे पाडले असणार, बाहेरचा ठीक आला, आतल्याची खोली थोडी इकडे-तिकडे. म्हणून कधी लागते, कधी नाही. ती चावी वापरणं बंद करायला सांगा, अर्धवट जुळणारी चावी रोज जोर लावून फिरवली की पात्याचा पितळी भुगा आत पडतो आणि मग चांगली चावी पण अडकायला लागते. तुमच्याकडे कार्ड आहे का बघा, असेल तर तिथल्याच विक्रेत्याकडून चावी करून पुढच्या येणाऱ्या माणसाबरोबर पाठवा. आणि जुनी हरवलेली चावी घराच्या आसपासच पडली असेल अशी शंका असेल तर सिलिंडर बदला, पूर्ण दार किंवा पूर्ण कुलूप बदलायची गरज नाही, मधला सिलिंडर एका स्क्रूवर असतो, दार उघडं ठेवून दहा मिनिटांचं काम आहे.

अजून एक, भाऊ त्यात खोबरेल तेल घालतो असं तुम्ही लिहिलंय. बंद करा ते. खोबरेल थंडीत गोठतं आणि एरवी धूळ धरून ठेवतं, पिनांच्या कुलपाचं त्याने वाटोळं होतं. ग्रॅफाइटची पावडर मिळते ती चिमूटभर घाला, नाहीच मिळाली तर मऊ शिसपेन्सिल चावीवर घासून चावी आत-बाहेर करा.

साताऱ्याहून एक आजी (नातवाने टाइप करून पाठवलंय): वाड्याच्या कोठीचं लोखंडी कुलूप आहे, मुठीएवढं. त्याला चावीचं भोकच नाही. चावी म्हणून जे ठेवलंय तो नुसता आटे पाडलेला खिळा आहे.

आजी, हे पत्र वाचून खरंच मजा आली. तो आटे पाडलेला खिळा म्हणजेच चावी, जपून ठेवा! १८९७ ला अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडचे लोहार अशी पेचाची कुलपं करत होते. चावी फिरवत फिरवत स्क्रूसारखी आत जाते आणि आतली दाबून धरलेली पट्टी मागे ढकलते किंवा ओढून घेते, तेव्हा कडी सुटते. काही कुलपांत याउलट नुसती ढकलायची चावी असते, आत बाणाच्या टोकासारख्या फाकलेल्या स्प्रिंगा असतात, चावीच्या चौकटीने त्या मिटल्या की कडी सरळ बाहेर येते.

भोक नाही असं वाटतं कारण ते लपवलेलं असतं. उन्हात धरा आणि कुलपाच्या कडेची फुलं, टिकल्या, रिव्हेट एकेक करून अंगठ्याने हलकेच बाजूला सरकवून बघा, सगळे रिव्हेट खरे नसतात. एखादा जरा जास्त गुळगुळीत असेल, बोटांनी घासून घासून झालेला, तिथूनच सुरुवात करा. एखादी पट्टी खाली सरकते आणि मग भोक दिसतं, कधी कधी ती पट्टी सरकायच्या आधी दुसरीच टिकली दाबून धरावी लागते, करणाऱ्याने चोराला चकवायला केलंय, आपल्यालाही थोडा वेळ लागणारच. गंजाने बसलं असेल तर रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा, हे लोखंडी लोहारी कुलूप आहे म्हणून चालतं, वरच्या ताईंच्या सिलिंडरला हे करायचं नाही. हातोडी बिलकुल नको. आटे उजवे आहेत की डावे तेही बघा, काही कुलपांत ते मुद्दाम उलटे पाडलेले असतात आणि लोक नेहमीच्या बाजूला फिरवून फिरवून चावी मोडतात.

अशी फसवी कुलपं हाताने करणारे कारागीर तामिळनाडूत दिंडिगलला अजूनही आहेत, तिथल्या कुलपांना २०१९ मध्ये जीआय टॅग मिळाला. नातवाला म्हणावं फोटो काढ, पण खिळ्याचा नको, कुलपाचा काढ.

नागपूरहून एक वाचक: पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या रत्नभांडाराला चावी असून कुलूप तोडावं लागलं म्हणे. एवढ्या मोठ्या ठिकाणी एखादा चांगला कारागीर नव्हता का?

कारागिराचा प्रश्न नव्हता, चावी नेमकी कुठली याचा होता. एप्रिल २०१८ मध्ये पाहणी करायला गेले तेव्हा आतल्या दालनाची चावीच जागेवर नाही असं कळलं, मग काही आठवड्यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये डुप्लिकेट असं लिहिलेलं पाकीट सापडलं. १४ जुलै २०२४ ला दालन उघडायला घेतलं तेव्हा त्या चाव्या लागल्या नाहीत आणि आतली कुलपं दंडाधिकाऱ्यांसमोर तोडली. १९७८ नंतर तिथल्या दागिन्यांची पूर्ण मोजदाद झालेली नव्हती. आता तुम्हीच बघा, समुद्र एवढा जवळ, खारी हवा, कुलूप वर्षानुवर्षं फिरवलेलं नाही, आणि चावी खरंच त्याच कुलपाची का याची खात्री नाही, अशा वेळी एखाद्या उस्तादाला तास न् तास आत बसवून ठेवण्यापेक्षा पंचांसमोर सरळ कापणं, त्याचा व्हिडिओ करणं आणि नवीन कुलूप लावून सील करणं हेच बरोबर. न तोडता उघडलं असतं तर उलट लोकांनी विचारलं असतं की मग आधी पण कोणी असंच उघडलं नसेल कशावरून. संस्थेत, देवळात, ट्रस्टमध्ये जे लोक असतील त्यांनी चावीच्या पाकिटावर नुसतं डुप्लिकेट असं न लिहिता कुठलं दार, कुठलं कुलूप, कधी लावून बघितली हे लिहा, आणि वर्षातून एकदा खरंच लावून बघा.

कोल्हापूरहून एक सराफ: तिजोरीचं आकड्यांचं डायल आहे, तीन नंबर. नंबर पक्का माहीत आहे तरी उघडत नाही. एक जण म्हणतो दाराला बारीक ड्रिल मारतो, नंतर भरून देतो.

शेठ, ड्रिलवाल्याला दुकानाच्या आत पण घेऊ नका. चांगल्या तिजोरीच्या दारात आतल्या बाजूला काचेची एक प्लेट असते, तिला तारांनी धरून ठेवलेल्या जादा खिट्या असतात. ड्रिल, हातोडा, उष्णता, कशानेही काच फुटली की तारा सुटतात आणि त्या खिट्या सपकन आत बसतात. त्यानंतर नंबर बरोबर लावला तरी दार उघडत नाही, मग कंपनीच्या माणसालाही पूर्ण दार फोडावं लागतं आणि त्याचं बिल बघून तुम्हाला घाम फुटेल.

बहुतेक वेळा बिघाड डायलमध्ये नसतो, लावण्यात असतो. घाईत मोजणी चुकते. बऱ्याच तीन नंबरी कुलपांत पहिला नंबर डावीकडे फिरवत चौथ्या वेळी थांबायचा, दुसरा उजवीकडे तिसऱ्या वेळी, तिसरा परत डावीकडे दुसऱ्या वेळी, आणि मग उजवीकडे फिरवत राहायचं, डायल आपोआप अडेपर्यंत. नंबर पुढे गेला तर मागे आणायचं नाही, सगळं पहिल्यापासून. आणि हे खास बघा, डायलच्या भोवतालच्या कड्यावर दोन खुणा असतात, एक अगदी वर, बाराच्या जागी, आणि एक जरा डावीकडे, अकराच्या आसपास. वरची उघडण्यासाठी, डावीकडची फक्त नंबर बदलताना लागते. चश्मा नसताना किंवा नवीन माणूस असताना त्या दुसऱ्या खुणेवर नंबर लावला जातो आणि अख्खं दुकान हवालदिल. हेही नाही जमलं तर हँडल उलट बाजूला दाबून धरून परत नंबर लावा, कधी कधी दार भरलेल्या सामानामुळे खिट्यांवर ताण असतो.

तरीही नाही झालं तर दारावरच्या पट्टीवरचा सीरियल नंबर घेऊन कंपनीला फोन करा, तो नंबर कोणाला व्हॉट्सअॅप करू नका, फोनवर सांगा. आणि ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी दार उघडं ठेवून नंबर लावून बघायची सवय लावा, तेव्हा अडलं तर निदान माल बाहेर असतो.

लातूरहून कॉलेजमधला एक जण: यूट्यूबवर लॉकपिकिंग बघतो, शिकावंसं वाटतं. बेकायदा आहे का?

अरे, छंद म्हणून वाईट काही नाही, जर्मनी-हॉलंडमध्ये याचे रीतसर क्लब आहेत, स्पर्धा होतात. त्यांचे दोन नियम पाळ, कुलूप स्वतःचं पाहिजे, आणि कुठल्याही दाराला लागलेलं, वापरातलं नको, स्वतःच्या घराचं सुद्धा नको कारण बिघडलं तर आई बाहेर. जुन्या बाजारातून पारदर्शक सरावाचं किंवा साधं पितळी पिनांचं कुलूप घे. मात्र ती हत्यारं सॅकमध्ये टाकून रात्री गावभर फिरू नकोस, घरफोडीची हत्यारं सबळ कारणाशिवाय जवळ बाळगून रात्री सापडणं हा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १२२ खाली गुन्हा आहे, आणि हवालदाराला तुझा छंद समजावून सांगायला पहाट होईल.

नाशिकहून एक ताई: बँक लॉकरची माझी चावी हरवली. बँकेकडे त्यांची चावी असतेच ना, मग त्यांनीच उघडून द्यायला काय हरकत आहे? आणि बाहेरचा चावीवाला नेला तर स्वस्तात होईल का?

बाहेरचा चावीवाला नाही चालत ताई, स्ट्राँगरूममध्ये त्याला घेणारच नाहीत आणि घेऊ पण नये. लॉकरला दोन चाव्या लागतात, बँकेची चावी फक्त पहिला अडसर काढते, ती सगळ्या लॉकरना चालते, पण तुमच्या लिव्हर तुमच्याच चावीने जुळतात. तुमच्या चावीची डुप्लिकेट बँकेकडे नसते, हीच तर त्या पद्धतीची गंमत आहे.

तेव्हा आज पहिलं काम, शाखेला लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे हरवलेली चावी पुढे सापडली तर ती परत देईन असं तुमच्याकडून लिहून घेतात, मग बँक किंवा तिने नेमलेला तंत्रज्ञ तुमच्या समोरच लॉकर उघडतो, शेजारच्या लॉकरना धक्का लागता कामा नये आणि आतल्या वस्तू तुमच्याशिवाय कोणाला दिसता कामा नयेत हेही त्या नियमांतच आहे. उघडण्याचा, नवीन कुलपाचा आणि चावीचा खर्च तुमच्याकडून घेतला जातो, किती ते आधी लेखी विचारा, कारण लॉकर बनवणारी कंपनी आणि शहर यावर तो बदलतो. कुलूप बहुतेक वेळा तोडूनच काढतात, त्यामुळे तारीख मिळाली की एखादी रिकामी पिशवी आणि घरातलं एक विश्वासाचं माणूस बरोबर न्या, आणि नवीन कुलूप बसून नवी चावी दोनदा लावून बघेपर्यंत दागिने परत आत ठेवू नका. नव्या चावीवर बँकेची किंवा शाखेची ओळखखूण कोरलेली आहे का तेही बघा, ती असायलाच पाहिजे. तुम्ही लिहिलंय की चावीबरोबर लॉकर नंबरचा बिल्ला पण त्याच रिंगमध्ये होता, तर शाखेला पत्र देताना हे स्वतंत्रपणे नमूद करा.